पायऱ्या मोजून खेळ अवघड ठरतो का?
‘गो’ या काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांच्या पटावरच्या खेळात क्यू-दानच्या (क्यू शिकाऊंच्या, दान त्यावरच्या) पायऱ्या जास्त, म्हणून तो बुद्धिबळापेक्षा अवघड, असं म्हणतात ते काही पटलं नाही. ‘गो’ची पायरी निदान पटावर दिसते: एका पायरीचा फरक म्हणजे दुबळ्याला साधारण एका सोंगटीची सवलत. बुद्धिबळातल्या एलो रेटिंगमध्ये (खेळाडूची ताकद सांगणारा आकडा) तेही नाही. रेटिंग २०० ने जास्त असलेल्याने शंभर डावांत सुमारे ७६ गुण (विजयाला एक, बरोबरीला अर्धा) मिळवावेत, एवढाच त्याचा अर्थ. आणि तोही एकमेकांशी खेळणाऱ्यांच्या त्याच गोतावळ्यात.

मार्च २०२४ मध्ये फिडेने (आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाने) २००० च्या खालच्यांची रेटिंग एका सूत्राने वर उचलली, किमान आकडा १००० चा १४०० केला. आमच्या भाच्याचे १२०० होते, झोपून उठला तर १५२०! पेढे मागितले पठ्ठ्याने. घोडा मात्र अजूनही फुकट घालवतो.