भिगवणला फ्लेमिंगो बघायला जातोय, होडी-मुक्काम-खर्चाचं सांगा

गारवेल: जानेवारीत एका शनिवारी पुण्याहून जायचंय. मी, नवरा, सासूबाई, ९ वर्षांचा मुलगा. दुर्बीण नाही. एका दिवसात उरकावं का राहावं? नवरा म्हणतो मोठी लेन्स भाड्याने घेऊ.

शेकाट्या: राहाच. सोलापूर हायवेने शंभरेक किमीच आहे पण सकाळी चहा-नाश्ता करत पोचाल तोवर ऊन चढतं आणि होडीवाल्यांची पहिली फेरी संपलेली असते. शुक्रवारी संध्याकाळीच कुंभारगाव नाहीतर डिकसळ गाठा, घरगुती सोय होते. होडीचं भाडं शक्यतो आख्ख्या होडीचं असतं, माणशी नाही, पण किती तास आणि किती पैसे हे फोनवरच बोलून घ्या.

जुना_भिडू: आणि ठरलं की घासाघीस करू नका हो! मागल्या खेपेला आमच्या शेजारच्या होडीत एकजण, गळ्यात १० लाखांची लेन्स, आणि दोनशे रुपयांवरून त्या मच्छीमाराशी अर्धा तास वाद. वर म्हणे थवा उडव, फ्लाइट शॉट पाहिजे. होडीवाल्याने सरळ इंजिन बंद केलं. बरं केलं.

शेकाट्या: +१. लेन्स नको, त्या पैशात ८ बाय ४२ ची दुर्बीण घ्या, पोरगं वर्षानुवर्षं वापरेल. आणि निघायच्या आधी उजनीत पाणी किती आहे ते विचारा. धरण तुडुंब असलं की उथळ चिखलाची जागा उघडी पडत नाही, मग रोहित (फ्लेमिंगो) येतात कशाला? पट्टकदंब, चक्रवाक, चित्रबलाक दिसतात म्हणा, पण मुलाला गुलाबीच हवे असणार.

गारवेल: अगदी. दुपारी काय करायचं मग?

जुना_भिडू: झोपा. नाहीतर कडबनवाडीचं माळरान, खोकड, चिंकारा, नशीब असेल तर लांडगा. वनखात्याचं बुकिंग ऑनलाइन आहे, आधी करा. जेवायला चिलापीचं कालवण सोडू नका.

गारवेल: सासूबाई शनिवारी मासे खात नाहीत 😅

शेकाट्या: आदल्या रात्री सांगून ठेवा, पिठलं-भाकरी करतात. पण आदल्या रात्री म्हणजे आदल्या रात्रीच, आम्ही सकाळी सांगितलं तर काकू नुसत्या बघत राहिल्या.