रिफर्बिश्ड की नवा? बी-३०४ च्या लेकीचा लॅपटॉप

बी-३०४: नमस्कार मंडळी. लेक यंदा बीकॉमला. लॅपटॉप हवाय, बजेट २५ हजार. लॅमिंग्टन रोडला रिफर्बिश्ड थिंकपॅड टी४७० सांगितलाय, १६,५०० ला. ह्यांचं म्हणणं, जुनं दुखणं विकत कशाला घ्यायचं? नवाच घेऊ.

ए-१०२: वहिनी, बरोबर बोलतायत ते. नवाच घ्या. वॉरंटी तरी असते.

सी-५०१: काका, २५ मध्ये नवा म्हणजे बहुतेक सेलेरॉन, म्हणजे स्वस्तातला हळू प्रोसेसर, नाहीतर तसलंच काहीतरी. चालू होईस्तोवर चहा पिऊन होतो 😄
पण काकू, टी४७० नको. त्याचा प्रोसेसर फार तर सातव्या जनरेशनचा. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्यापासून पुढचा लागतो, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपला.

बी-३०४: अरे, दुकानदार तर म्हणाला विंडोज ११ टाकून देतो!

सी-५०१: जुगाड करून टाकतात. पुढे अपडेट अडलं की तो हात वर करणार. त्यापेक्षा टी४८० मागा. पण नावावर जाऊ नका, त्यातही काही सातव्याचे निघतात. आय-५ च्या पुढचा आकडा ८२५० किंवा ८३५० हवा. ७ ने सुरू झाला की उठून या.

ए-२०३: टॅली चालेल ना त्यावर?

सी-५०१: आरामात. ८ जीबी रॅम आणि एसएसडी बघून घ्या.

ए-१०२: आणि बॅटरी? माझ्या भाच्याचा ४० मिनिटांत मान टाकतो. घेताना सगळे गोडच बोलतात.

सी-५०१: ते दुकानातच कळतं, काका. कमांड प्रॉम्प्ट उघडून टाइप करायचं: पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश, बॅटरीरिपोर्ट. आलेली फाइल उघडायची. डिझाइन कपॅसिटी (नवी असतानाची) आणि फुल चार्ज कपॅसिटी (आता उरलेली), दोन्ही आकडे शेजारी धरून बघा. टी४८० ला दोन बॅटऱ्या असतात. मागची तर दोन खटके सरकवले की हातात येते.

सेक्रेटरी: माझंही एक. ही मशीन बहुतेक कंपन्यांची लीज संपलेली असतात, बायोसचा, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगचा, पासवर्ड तसाच राहून जातो. चालू करताना एफ-१ दाबा. पासवर्ड मागितला तर घेऊ नका, तो काढता काढता नाकी नऊ येतात. जीएसटी बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या.

बी-३०४: उद्याच जाते. रविवारी तिकडे बरीच दुकानं बंद.

(दुसऱ्या दिवशी, दुपारी)

बी-३०४: टी४८०, ८३५०, १९ हजार. पासवर्ड नाही. आतली बॅटरी २४ पैकी २१, मागची २४ पैकी फक्त ९ दाखवतेय.

सी-५०१: मागची बदलून मागा.

बी-३०४: दीड हजार वर मागतोय.

ए-१०२: वहिनी, मी तिथे शेजारी ग्रँट रोडलाच आहे. दुकानाचं नाव टाका. मी पोचेपर्यंत पर्स उघडू नका.