८८ हा आकडा एकटा वाचू नका

चौथीतल्या मुलाचा बुद्ध्यांक ८८ आला, तर 'तो मंद आहे का' असं एका पालकांनी विचारलंय. नाही! बुद्ध्यांकाची सरासरी १०० आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीपासून साधारण किती पसरतात ते) १५ असतं. ८५ ते ११५ मध्ये सुमारे ६८ टक्के मुलं येतात. त्यात ५-६ गुणांची मापनत्रुटी (मोजण्यातला कमी-जास्तपणा) धरा, म्हणजे ८८ हा खरं तर ८२ ते ९४ चा पट्टा.

चाचणी कुठली, तिची मानकं (तुलनेसाठीचे सरासरी गुण) कोणत्या मुलांवर ठरवली, हे अहवालात बघा. उदाहरणार्थ, भाटिया संच ही कृतींवर आधारित भारतीय बुद्धिमत्ता चाचणी ११ ते १६ वयासाठी आहे, १९५५ ची. चौथीला ती लागूच नाही. मग उपचाचण्यांचे, म्हणजे चाचणीतल्या वेगवेगळ्या भागांचे गुण बघा. शब्दसंग्रह कमी आणि ठोकळ्यांच्या रचना उत्तम, तर एकूण आकडा दिशाभूल करतो. आपल्या नागपुरात घरी वऱ्हाडी, गल्लीत हिंदी, शाळेत इंग्रजी. चाचणी कुठल्या भाषेत घेतली हे विचाराच. नजर आणि ऐकणं आधी तपासलं होतं का? मे महिन्यातल्या दुपारी तर चाचणी नकोच, सकाळची वेळ घ्या.

लगेच तीच चाचणी पुन्हा देऊ नका. सरावाने गुण वाढतात. किमान वर्षभराचं अंतर ठेवा.