शब्दचर्चा: 'मेली' फौजेला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न:
मी वॉरहॅमर ४०,००० खेळतो. टेबलावर मांडलेले बोटभर उंचीचे सैनिक, इंचपट्टी आणि मूठभर फासे. माझी फौज वर्ल्ड ईटर्सची, म्हणजे बंदुका नावापुरत्या आणि कुऱ्हाडी खऱ्या. अशा जवळून लढणाऱ्या फौजेला इंग्रजीत 'मेली' आर्मी म्हणतात. परवा घरी म्हणालो, "माझी मेली आर्मी आहे," तर धाकटी बहीण म्हणते, "अरेरे, कधी?" उच्चार सुधारून 'मेले' म्हणावं तर फरक फक्त लिंग-वचनाचा! तर मेली, चार्ज, एंगेज्ड, फॉल बॅक यांना खेळताना तोंडात बसतील असे शब्द सुचवा. कोशातले जडजंबाल नकोत. 'समीपयुद्ध' म्हणेपर्यंत समोरच्याची पाळी येते.

उत्तर:
हातघाई. लांबून मारा करणं संपलं आणि तलवारीला तलवार लागली, की लढाई हातघाईवर आली. शब्द तयार आहे, नवा पाडायची गरजच नाही.
मूळ शब्द फ्रेंच आहे, 'मिसळणे' या अर्थाच्या क्रियापदावरून आलेला. त्याचं लॅटिन मूळ आणि आपला 'मिश्र' एकाच कुळातले. म्हणजे त्यातला भाव सरमिसळीचा: दोन्ही बाजू एकमेकींत घुसल्यात, कोण कुणाचा ते कळेना. या भावाला 'धुमश्चक्री' जास्त जवळचा, पण 'माझी धुमश्चक्री फौज' काही जमत नाही. 'हातघाईची फौज' सहज म्हणता येतं.

उत्तर:
हातघाईला माझा अर्धा विरोध. आज हा शब्द भांडणात उरलाय, 'चर्चा हातघाईवर आली' असा. त्यातून नवा खेळाडू त्यात 'घाई' वाचतो आणि तसाच खेळतो. मी खेळलोय, म्हणून सांगतो.
पहिल्याच फेरीत सगळी फौज मैदानात धावत सुटली. समोर सगळ्या बंदुका. दुसऱ्या फेरीत मी फासे कमी आणि मेलेले सैनिकच जास्त उचलत होतो. हातघाईची फौज खरी खेळली जाते ती हात चालवण्याच्या आधी: पडक्या भिंतीमागे दबा धरून, समोरच्याला पुढे यायला लावून. 'स्टेजिंग'ला 'दबा धरणे' याहून नेमका शब्द मला माहीत नाही. डाव पाच फेऱ्यांचा असतो आणि गुणांचा मोठा वाटा ठाणी धरून ठेवण्याचा, मुडदे मोजण्याचा नाही. घाई कशाला?

उत्तर:
चार्जकडे, म्हणजे शत्रूवर धावून जाण्याकडे, वळूया. 'चार्ज झाला का?' म्हटलं की लोक मोबाइल बघतात. 'चढाई' कबड्डीने घेतलीय, आणि तिथे चढाई करणारा परत यायला बघतो. आपले कुऱ्हाडवाले परत यायला जातच नाहीत. 'मुसंडी' जोरकस आहे, पण मुसंडी मारली म्हणजे आत घुसलेच असं वाटतं. इथे तर चार्ज फसतो, आणि तीच खरी मजा. मी 'झेप' म्हणेन. झेपेला अंतर असतं आणि झेप हुकते.
२०२३च्या दहाव्या आवृत्तीतला हिशोब बघा. दोन फासे टाकायचे, बेरीज येईल तितके इंच झेप, आणि शत्रूच्या इंचभर जवळ पोचायचं. राखीव तुकडी उतरवायची तर शत्रूपासून नऊ इंचांहून लांब, म्हणून नऊची झेप लागते. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी नऊ किंवा जास्त पडतं फक्त १० वेळा. एकदा फासे परत टाकायची सोय वापरली तरी निम्म्याच्या आतच. उलट सहा इंचांवर दबा धरला असेल तर पाच पुरतात, आणि ते ३६ पैकी ३० वेळा पडतं. झेप हुकली की तुकडी उघड्यावर उभी, पुढची पाळी बंदुकवाल्याची.

उत्तर:
एंगेज्ड म्हणजे 'भिडलेली' तुकडी, याबद्दल वाद नसावा. (भिडस्त माणसाने मात्र ही फौज घेऊ नये. त्या शब्दातली 'भीड' वेगळी आहे, पण टेबलावर परिणाम दिसतो.) फॉल बॅक म्हणजे साधी 'माघार'. 'काढता पाय घेणे' गमतीचं आहे, पण त्यात लपूनछपून जाण्याची छटा येते. इथे तर सगळ्यांदेखत इंचपट्टी लावून मागे सरकतात, आणि त्या पाळीत सहसा ना गोळी मारता येते ना झेप घेता येते.
त्यावरून आणखी एक शब्द: खिळवणे. स्वस्तातली तुकडी समोरच्या महागड्या तुकडीला भिडवायची. मारायला नाही, नुसती अडकवायला. इंग्रजीत त्याला डांबराचा खड्डा म्हणतात, आपलं 'खिळवून ठेवणे' त्याहून नीटस. अनुभवी खेळाडू तर आपल्या पाळीत शत्रूला मुद्दाम पुरता मारत नाही. भिडलेल्या तुकडीवर सहसा गोळी चालत नाही, म्हणून शत्रूचे दोघेतिघे उरले तर तेच आपली ढाल होतात. अर्थात त्यांनी माघार घेतली की ढाल गेली आणि बाकीच्या बंदुका मोकळ्या. एकही वाट न सोडता घेरलं तर त्याला 'कोंडी' म्हणा. 'वेढा' किल्ल्याला पडतो आणि महिनोन्‌महिने चालतो.

मूळ प्रश्नकर्ता:
सगळ्यांचे आभार. कालच्या डावात वापरून पाहिले. 'भिडलो', 'खिळवलं', 'माघार' हे समोरच्यानेही न विचारता उचलले. हातघाई थोडी अडखळत, पण बसली. झेपेवर मात्र वाद झाला: 'नऊची झेप' की 'नवाची झेप'? तो म्हणाला, आधी पडू दे, मग व्याकरण बघू.
आठ पडले.