रूट पार्टिशन लहान करताना क्रम सांभाळा
दादा, लिनक्सचं रूट (सिस्टिमचं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा केलेला भाग) कमी करून ती जागा शेजारच्या होमला (आपल्या फाइलींचं पार्टिशन) द्यायचीय म्हणलात, पण चालू सिस्टिमवर ते होत नाही बघा, ईएक्सटी४ (लिनक्सची नेहमीची फाइलसिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) माउंट, म्हणजे सिस्टिमला जोडलेलं, असताना वाढतं, कमी करायला मात्र अनमाउंटच लागतं, म्हणून लाइव्ह पेनड्राइव्हवरून (ज्यावरूनच लिनक्स चालतं असा) बूट करा अन् जीपार्टेड हे पार्टिशन बदलायचं सॉफ्टवेअर वापरा. हातानं करणार असाल तर आधी फाइलसिस्टिम तपासून ती लहान करायची, मग पार्टिशन, उलटं केलं की डेटा कापला जातो. एक्सएफएस ही दुसरी फाइलसिस्टिम असेल तर नाद सोडा, ती अशी लहान करता येत नाही.

अन् होमची सुरुवात मागं सरकवली की सगळा डेटा हलतो, तासन् तास लागतात, आपल्याकडं परभणीत लाईट कधी जाईल नेम नाही, इन्व्हर्टर असल्याशिवाय मी तर हातच लावत नाही. बॅकअप आधी, तोही दुसऱ्या डिस्कवर.