फोन ठेवला की पूर्ण स्क्रीनभर जाहिरात: कुठून येते, कशी बंद करायची?

प्रश्न
आईच्या फोनवर (अँड्रॉइड १२) कुठलंही ॲप उघडलेलं नसताना स्क्रीनभर जाहिरात येते. बहुतेक वेळा बोलणं संपवून फोन ठेवला की, नाहीतर चार्जर लावला की. फुली पाच सेकंदांनी दिसते, तीही इतकी बारीक की बोट जाहिरातीवरच पडतं. शिवाय ‘तुमच्या फोनमध्ये १३ व्हायरस आहेत’ अशी नोटिफिकेशन दिवसभर. एक क्लीनर ॲप टाकून पाहिलं, फरक नाही. दुकानदार फॅक्टरी रीसेट करायला सांगतोय. त्याआधी काही करता येईल का? बँकेचे व्यवहार याच फोनवर असतात, म्हणून काळजी वाटते.

प्रतिसाद १
रीसेट इतक्यात नको. नंतर बॅकअपमधून जुनी ॲप्स परत उतरवलीत की तेच ॲप पुन्हा येऊन बसेल. ही दोन वेगळी दुखणी आहेत; आधी स्क्रीनभरच्या जाहिरातीचं बघू.

जाहिरात आली की फुली शोधत बसू नका. चौकोनी बटण दाबा (बटणं नसतील तर खालून वर बोट सरकवून मध्येच थांबा). उघड्या ॲप्सच्या चळतीत सगळ्यात पुढे जाहिरातीचं कार्ड असेल आणि त्याच्या वरच्या बाजूला ती आणणाऱ्या ॲपचा आयकॉन. त्यावर बोट ठेवून ‘ॲप इन्फो’ उघडा आणि अनइन्स्टॉल करा. लबाड ॲप्स तिथे आयकॉन कोरा ठेवतात, नावही लिहीत नाहीत. ‘ॲप इन्फो’ तरीही उघडतं.

कार्डच सापडलं नाही तर सेटिंग्ज → ॲप्स → स्पेशल ॲप ॲक्सेस → डिस्प्ले ओव्हर अदर ॲप्स. अँड्रॉइड १० पासून मागे चालणाऱ्या ॲपला स्वतःहून स्क्रीनवर येण्याची सहसा मुभा नाही. ‘डिस्प्ले ओव्हर अदर ॲप्स’ची परवानगी पदरात पडली की मात्र येता येतं. म्हणून असली ॲप्स उघडल्या उघडल्या तीच मागतात. यादीत टॉर्च, क्यूआर स्कॅनर, फोटो फ्रेम असलं काही दिसलं तर संशय तिथेच घ्या. टॉर्चला इतर ॲप्सच्या वर यायचं कारणच काय? तुमच्याकडे जाहिरात कॉल संपल्यावर येते, म्हणजे त्या ॲपकडे बहुधा ‘फोन’ ही परवानगीही आहे. कॉल संपल्याचं त्याला तिथूनच कळतं. दोन्ही परवानग्या असलेलं ॲप आधी काढा. आणि तो क्लीनरही काढा. या जातीची बरीच ॲप्स जाहिरातींवरच जगतात.

प्रतिसाद २
व्हायरसच्या नोटिफिकेशनचा त्या ॲपशी संबंध नसावा. ती वेबसाइटची, क्रोममधून येणारी दिसते. व्हिडिओ पाहण्यासाठी किंवा ‘मी रोबो नाही’ म्हणून ‘अलाउ’ दाबायला सांगतात आणि त्या एका दाबण्यावर हे सुरू होतं. नोटिफिकेशन खाली ओढून मोठी केलीत की साइटचा पत्ता दिसेल. वेबसाइटला फोनमधले व्हायरस तपासताच येत नाहीत, त्यामुळे १३ हा आकडा निव्वळ थाप.

क्रोम → तीन टिंबं → सेटिंग्ज → साइट सेटिंग्ज → नोटिफिकेशन्स. अनोळखी साइट एकेक करून ब्लॉक करा, मग वरचा मुख्य स्विचही बंद करा; पुढे कुठली साइट विचारणारच नाही. आईंसाठी हे फार महत्त्वाचं आहे.

प्रतिसाद ३
हे झाल्यावर डीएनएस बदला, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा: सेटिंग्ज → नेटवर्क → प्रायव्हेट डीएनएस → प्रोव्हायडर होस्टनेम. तिथे इंग्रजी लहान अक्षरांत ‘डीएनएस डॉट ॲडगार्ड हायफन डीएनएस डॉट कॉम’ टाका, मध्ये जागा न सोडता. ॲप्समधल्या आणि वेबसाइटवरच्या बऱ्याच जाहिराती थांबतात. यूट्यूबच्या थांबत नाहीत, कारण त्या व्हिडिओच्याच सर्व्हरवरून येतात. एक अक्षर चुकलं तर इंटरनेटच बंद पडल्यासारखं होतं, तेव्हा घाबरू नका, स्पेलिंग तपासा. स्टेशनवरच्या वायफायचं लॉगिन पान उघडलं नाही तर तेवढ्यापुरतं ‘ऑफ’ करा.

फोन शाओमी, रेडमी किंवा पोको असेल तर सेटिंग्जच्या शोधात ‘ऑथरायझेशन’ लिहा आणि ‘एमएसए’ (कंपनीचीच जाहिराती दाखवणारी सेवा) बंद करा. दहा सेकंद थांबावं लागतं, नेट चालू लागतं आणि पहिल्या झटक्यात बंद झालं नाही तर पुन्हा करायचं.

प्रश्नकर्ता
सापडलं! कोऱ्या आयकॉनचं एक ॲप आहे. पण अनइन्स्टॉल बटण फिकट दिसतं, दाबलं जात नाही.

प्रतिसाद १
त्याने बहुधा डिव्हाइस ॲडमिनचा, म्हणजे फोनवर जास्तीचा ताबा देणारा, हक्क घेतलाय. सेटिंग्जच्या शोधात ‘डिव्हाइस ॲडमिन’ लिहा आणि त्या ॲपपुढचा स्विच बंद करा, बटण जिवंत होईल. हरवलेला फोन शोधणारं ‘फाइंड हब’ही (आधीचं नाव ‘फाइंड माय डिव्हाइस’) तिथेच असतं, त्याला हात लावू नका.

स्विच बंद करतानाच जाहिरात आडवी येत असेल तर सेफ मोडमध्ये जा. बऱ्याच फोनवर असं: पॉवर बटण दाबून धरा, मग स्क्रीनवरच्या ‘पॉवर ऑफ’वर बोट दाबून धरा. तिथे बाहेरून टाकलेली ॲप्स चालत नाहीत, पण काढता येतात. काढून झाल्यावर साधं रीस्टार्ट करा आणि प्ले स्टोअरमधून प्ले प्रोटेक्टचं (गूगलची ॲप्स तपासणारी सोय) स्कॅन एकदा चालवा.