मदत हवी आहे: आजोबांच्या धोकटीतला दोन रंगांचा निसणा – ओळख पटवून सपाट करायचा आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही बेळगावचे, कॅम्पाच्या बाजूला राहतो. घरचा धंदा नाभिकाचा. आजोबांची धोकटी आता माझ्याकडे आली आहे. तीत एक शेफिल्डचा आणि एक झोलिंगनचा असे दोन वस्तरे, चामड्याचा पट्टा आणि वस्तरा पाजवायचा निसणा आहे. वस्तऱ्यांचं मी बघून घेईन, प्रश्न निसण्याचा आहे. दुकानात आता सगळे ब्लेडचेच वस्तरे, पण स्वतःची दाढी मला या जुन्या वस्तऱ्यांनी करायची आहे आणि त्यांना धार याच दगडावर लावायची आहे. नुसता जपून ठेवण्यासाठी विचारत नाही.

दगड साधारण १५ सेंमी लांब, ४ सेंमी रुंद, २ सेंमी जाड. वरचा थर पिवळसर, शिळ्या सायीच्या रंगाचा, खालचा जांभळट काळा. वरच्या बाजूला बरीच वर्षं कुणीतरी तेल लावत आलंय, बहुतेक खोबरेल. त्यामुळे मधला भाग तपकिरी पडलाय आणि पाण्याचा थेंब टाकला तर पसरत नाही, गोळा होऊन बसतो.

ओळखीबद्दल माझा अंदाज सांगतो, चुकत असेन तर दुरुस्त करा. शेजारच्या काकांचं म्हणणं, हा गोकाककडचा दगड. मला पटत नाही. गोकाकच्या धबधब्यापाशी जो खडक दिसतो तो वालुकाश्म आणि क्वार्टझाइट, वाळूच्या कणांचाच बनलेला. इथे घड्याळजीचं भिंग लावूनही कण दिसत नाही. बोट फिरवलं तर काचेसारखं गुळगुळीत लागतं, पण नखाचा चुरा मात्र निघतो. आमच्या बेळगावचा जांभा किंवा निपाणी-चिकोडीकडचा काळा पाषाण असण्याचा तर प्रश्नच नाही. व्हिनेगर टाकून पाहिलं, फसफसत नाही, म्हणजे चुनखडीही नाही.

मग वजन-पाण्याचा प्रयोग केला. काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून काटा शून्यावर आणला, दगड दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून तळाला न टेकवता धरला. काटा ११५ ग्रॅम दाखवतो, म्हणजे दगडाचं आकारमान ११५ घनसेंमी. कोरडं वजन ३३५ ग्रॅम. भागाकार, म्हणजे घनता, साधारण २.९ येते. अमेरिकेतला आर्कान्सासचा दगड म्हणजे जवळजवळ निव्वळ सिलिका, तो २.६५च्या वर जाऊ शकत नाही, आणि त्यात असे दोन थरही नसतात. थुरिंजियाचे जर्मन दगड बहुतेक एकरंगी, हिरवट किंवा निळसर-करडे. राहिला बेल्जियमचा कोटिक्यूल. आर्डेन्स भागात व्हिएलसाल्मच्या आसपास निघतो, पिवळ्या थरात स्पेसार्टाइन जातीच्या गार्नेटचे, म्हणजे धार काढणाऱ्या कठीण खनिजाचे, बारीक कण असतात आणि गार्नेट जड, घनता चारच्या वर. त्यामुळे साध्या पाटीच्या दगडापेक्षा आकडा वर चढणं जुळतं. हे दगड न्हाव्यांच्या वापरासाठी जगभर जात होते. कॅम्पात गोऱ्या पलटणी होत्या तेव्हा पणजोबा तिथे जात असत असं घरात सांगतात, तेव्हा दगड इथवर पोचला असेल तर नवल नाही.

बाजारात दोन थर चिकटवलेले कोटिक्यूलही असतात. इथे मात्र डिंकाची सरळ काळी रेघ नाही. सांधा किंचित नागमोडी आहे आणि एका ठिकाणी पिवळी शीर खालच्या जांभळ्यात शिरलेली स्पष्ट दिसते. म्हणून जोड नैसर्गिकच आहे असं मी धरून चाललोय. कुणाकडे असा दगड असेल तर हा एक मुद्दा आवर्जून तपासून सांगा, कारण तेल काढताना गरम पाणी वापरायचं की नाही हे त्यावर ठरणार. चिकटवलेला असेल तर गरम पाण्याने सांधा सुटेल.

आता खरा पेच. दगडाला मधे पोट पडलंय. स्टीलची पट्टी लांबीत उभी धरली तर मधोमध दीड मिमी फट राहते. वस्तरा पाजवताना त्याची पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडावर टेकलेली हवी, त्यामुळे एवढं पोट चालणार नाही. पण पिवळा थर सगळीकडे सारखा जाड नाही. एका टोकाला ५ मिमी, दुसऱ्या टोकाला जेमतेम २ मिमी. नेहमीसारखं तळाला समांतर सपाट केलं तर दोन्ही टोकांचा दीड-दीड मिमी जाईल आणि पातळ टोकाला अर्धा मिमी उरेल. तो टिकणार नाही.

म्हणून असा विचार करतोय की तळाकडे बघायचंच नाही. पातळ टोकाला हात न लावता जाड टोकाकडूनच ३ मिमी काढायचा, म्हणजे वरची बाजू सांध्याला समांतर होईल. माझ्या हिशोबाने मग सगळीकडे सुमारे २ मिमी पिवळा थर शिल्लक राहतो. दगड पाचरीसारखा तिरका दिसेल, पण खाली लाकडाचा तसाच तिरका पाट बसवला की झालं. वरची बाजू सपाट असणं महत्त्वाचं, दोन्ही बाजू समांतर असण्याची गरज नाही, बरोबर ना? लाकडाच्या धंद्यातल्या कुणी असं केलं असेल तर ऐकायला आवडेल. आणि २ मिमी थर वस्तऱ्याच्या कामाला किती पुरतो? कोटिक्यूल झिजतो हळू असं वाचलंय, तरी वापरणाऱ्याच्या तोंडून कळलं तर धीर येईल.

पद्धत अशी ठरवली आहे: १२ मिमी जाडीची काच, त्यावर आधी १२० आणि मग २२० नंबरचा वॉटर पेपर, भरपूर पाणी, दगडावर पेन्सिलीच्या चौकटी आखून त्या पुसल्या जाईपर्यंत घासणं. शेवटी ६०० आणि १०००. कोरडं अजिबात घासणार नाही, सिलिकाची धूळ छातीत जाते. मावसभावाचं उद्यमबागेत वर्कशॉप आहे. त्याच्या सरफेस प्लेटवर घासायला तो देणार नाही आणि मी मागणारही नाही, पण सपाटी तपासायला देतो म्हणालाय. कडा शेवटी जरा मारून घेईन, नाहीतर वस्तऱ्याला लागतात.

तेलासाठी आधी रॉकेलमध्ये बुडवून ठेवू की भांड्याच्या साबणाने कोमट पाण्यातच चोळत राहू? वरचा थोडा पृष्ठभाग घासून जाणारच आहे, तेव्हा तेल किती खोलवर मुरलंय यावर सगळं आहे. असल्या घट्ट दगडात तेल फार आत जात नसावं असं वाटतं.

अजून एक. पातळ टोकाच्या कोपऱ्यात केसाएवढी भेग आहे. दगड ओला करून पुसला की बाकी सगळं कोरडं होतं, ती रेघ तेवढी ओली राहते. साधारण दीड सेंमी लांब, सांध्यापर्यंत गेलेली. पातळ फेविक्विक सोडून भरावी, की आहे तशी ठेवून फक्त बाजूंना लाखेचा हात द्यावा? घासताना कोपरा निखळला तर नंतर काही करता येणार नाही, म्हणून हे आधीच विचारतोय.

भर: खाली दोघांनी उगाळून बघायला सांगितलं. धोकटीत बोटभर लांबीचा पिवळा तुकडा निघाला, तो बहुधा त्यासाठीच असावा. पिवळ्या बाजूला, जिथे तेल कमी आहे त्या टोकाला, पाणी घालून उगाळलं तर ताकासारखं पांढुरकं पाणी आलं. खालच्या बाजूवर १००० नंबरचा कागद फिरवला तर पाणी स्वच्छ जांभळट झालं. हे दोन्ही कोटिक्यूलशी जुळतं असं मला वाटतं. खालच्या थरातही गार्नेट असतंच, फक्त कमी, त्यामुळे उद्या पिवळा संपला तरी ती बाजू कामाला येईल.

ओळखीचं आता बऱ्यापैकी निभावलं. तिरकं सपाट करण्याबद्दल आणि त्या भेगेबद्दल मात्र हाताने काम केलेल्यांनी सांगाच. भेगेचं ठरेपर्यंत मी कागदाला दगड लावत नाही.